कोटेशनच्या सहा ओळी: येलदरीच्या फुगवट्यावरची एक होडी खरेदी

जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या फुगवट्यावर एक लहानशी मच्छीमार सहकारी संस्था आहे. सभासद बहुतेक भोई समाजाचे. पूर्णा नदीवरचं हे धरण 1968 साली पूर्ण झालं, एकूण साठा 934 दलघमी (दशलक्ष घनमीटर). धरण भरलेलं असलं की एका काठावरून दुसरा काठ धूसर दिसतो. या पाण्यात संस्थेचे लोक थर्माकोलच्या तराफ्यांवर, ट्रकच्या ट्यूबवर आणि दोन जुन्या लाकडी होड्यांवर जाळी टाकतात.

इंजिनाची होडी हवी होती ती जाळं टाकायला नाही, मासळी गोळा करायला. लांबच्या टोकावर पहाटे निघालेला कटला-रोहू वल्ह्यांनी काट्यावर येईपर्यंत नऊ-दहा वाजतात. एप्रिलच्या उन्हात तेवढ्या वेळात गलफडं पांढरी पडतात आणि व्यापारी किलोमागे भाव पाडतो. शिवाय रात्री जाळी कापून नेणाऱ्यांच्या मागे वल्हं मारत जाण्यात काही अर्थ नसतो. म्हणून ठराव झाला: 18 फुटी फायबरची होडी आणि मागे लावायचं 9.9 अश्वशक्तीचं इंजिन.

कोटेशन आलं पुण्याकडच्या एका विक्रेत्याचं. तो स्वतःच्या शेडमध्ये होडी बनवतो आणि इंजिन कंपनीच्या डीलरशिपवर विकतो. संस्थेच्या सचिव गावातल्याच, बी.कॉम. झालेल्या ताई आहेत. त्यांनी ते कोटेशन मला दाखवलं, तिथून मी या व्यवहारात आलो.

फायबर होडी, 18 फूट: 1,85,000
इंजिन, फोर स्ट्रोक: 2,45,000
फिटिंग: 22,000
लाइफ जॅकेट, रिंग, नांगर, दोर: 18,000
पॅकिंग व वाहतूक: 38,000
कागदपत्रे: 15,000

बेरीज 5,23,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 94,140. एकूण 6,17,140.

आबांचा सौदा

चेअरमनना सगळे आबा म्हणतात. माळेगावच्या यात्रेत बैल-घोड्यांचे सौदे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रुमालाखाली बोटं दाबून भाव पाडण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. त्यांनी कोटेशनच्या वरच्या ओळी वाचल्याच नाहीत. फोन लावला आणि सरळ म्हणाले, "शेठ, लाख रुपये कमी करा, उद्या ॲडव्हान्स टाकतो."

विक्रेता हसला, पोराबाळांच्या शपथा झाल्या, "तुमच्याकडून काय कमवायचं आबा" झालं, आणि दहा मिनिटांत 40,000 खाली आले. होडीच्या किमतीतच सूट, 1,85,000 ची 1,45,000. अट एकच: ऑर्डर 31 मार्चच्या आत. नंतर रेझिनचे, म्हणजे फायबर घट्ट धरणाऱ्या चिकट द्रवाचे, भाव वाढणार म्हणे.

कार्यालयात चहा मागवला गेला. ताईंना मात्र ते दहा मिनिटांत सुटलेले 40,000 खटकत होते. तयार वस्तूच्या सौद्यात हे खटकायचं कारण नाही. बैलाचा भाव पाच हजारांनी उतरला तरी बैल तोच राहतो, त्याचे दात कमी होत नाहीत. पण ही होडी अजून बनलेलीच नव्हती. साच्यात काचतंतूंच्या मॅटचे किती थर बसवायचे, रेझिन किती ओतायचं, हे सगळं भाव ठरल्यानंतर व्हायचं होतं. ऑर्डर देऊन बनवून घ्यायच्या वस्तूत तुम्ही जो रुपया तोडता, तो बनवणारा वस्तूतून काढून घेऊ शकतो, आणि त्याला तो लबाडी म्हणत नाही. "तुमच्या बजेटमध्ये बसवलं" म्हणतो.

म्हणून ताईंनी एकच प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवला: 1,85,000 ची होडी किती किलोची आणि 1,45,000 ची किती किलोची?

दोन दिवस उत्तर नाही. मग आलं: पहिली साधारण 280, दुसरी 225.

भागाकार करा. पहिलीचा भाव पडतो किलोला 661 रुपये, दुसरीचा 644. म्हणजे आबांनी तोडलेल्या 40,000 मधले जेमतेम चार हजार खऱ्या सुटीचे. बाकी 36,000 रुपयांचं फायबर होडीतून निघून गेलं होतं. हा हिशोब कापसाच्या काट्यावर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आबांनी कागद दोनदा पाहिला आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे त्यानं मापात मारलं व्हय."

मला विचाराल तर त्याने मारलं नव्हतं. त्याला कुणी माप विचारलंच नव्हतं.

शेडमध्ये

मार्च तसाच जाऊ दिला. वर्षअखेरीला सरकारी योजनांमधून होड्या घेणाऱ्यांची बिलं लावायची घाई असते, विक्रेत्याच्या हातात काम भरपूर असतं. अशा वेळी त्याला सूट द्यायची गरज नसते आणि ऐकून घ्यायला फुरसतही नसते. रेझिनच्या भाववाढीची भीती खरी असेल-नसेल, पण तेवढी जोखीम संस्थेने पत्करली. एप्रिलच्या मध्यात त्याचाच फोन आला. मग ताई आणि तात्या असे दोघे शेड बघायला गेले. तात्या म्हणजे संस्थेतले सगळ्यात जुने मच्छीमार. लाकडी होडीला डांबर मारण्यापासून फायबरची तडकलेली कड सांधण्यापर्यंत सगळं हाताने केलेला माणूस.

शेडमध्ये दोन होड्या साच्यातून काढून ठेवलेल्या होत्या, एक जाड आणि एक हलकी. दोन्हींना आतून रंग लागायचा होता. तात्यांनी खिशातलं दहाचं नाणं काढलं आणि तळावरून बोटभर अंतरावर टकटक करत गेले. जिथे थर एकमेकांना नीट चिकटलेले असतात तिथे आवाज कोरडा, टणक येतो. मध्ये हवा राहिली असेल तर बद्द वाजतो. हलक्या होडीत कडेचा तळ जिथे वर वळतो त्या वळणावर दोन ठिकाणी आवाज बद्द आला. मग त्यांनी पोराला सांगून ती होडी उन्हाच्या बाजूला कलती करवली, स्वतः आत वाकले आणि बाहेरून ताईंना तळाला हात लावायला सांगितला. हाताची पाची बोटं आतून दिसत होती. जाड होडीत नुसती सावली दिसली.

"शेठ, ही उन्हाळ्यात बाभळीच्या खुंटावर बसली की काय होईल?" तात्यांनी विचारलं. विक्रेता म्हणाला, ही पार्कमधल्या तळ्यासाठी आहे काका, तुमच्यासाठी नाही. म्हणजे 1,45,000 ची होडी कोणासाठी आहे ते त्याला पक्कं माहीत होतं.

इथून बोलणं पार बदललं. किमतीचा आकडा बाजूला राहिला आणि ताईंनी आधी वस्तू लिहून घेतली: तळाला चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचे थर किती, मध्ये विणलेलं रोव्हिंग (काचतंतूंचं जाड कापड) किती, इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं तिच्या आतलं प्लायवूड आयएस 710 या भारतीय मानकाच्या मरीन ग्रेडचं, बसायच्या फळ्यांखाली फोम भरलेले बंद कप्पे. आणि रंग लावण्याआधी, संस्थेच्या माणसासमोर हुकाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन. वजन 280 किलो. 275 पर्यंत चालेल. त्याखाली गेलं तर किलोमागे 650 रुपये वजा. 265 च्या खाली असेल तर होडी घेणार नाही. एवढं लिहून झाल्यावर भाव विचारला. 1,85,000 चे 1,78,000 झाले. सात हजारच, पण हे सात हजार त्याच्या नफ्यातले होते.

कराची ओळ

सगळ्यात मोठी रक्कम जिथे वाचली तिथे कुणी घासाघीस केलीच नाही. कोटेशनवर 18 टक्के लावला होता, कारण विक्रेता टाक्या, डस्टबिन, पत्रे असा फायबरचा बाकी मालही बनवतो आणि त्याच्या संगणकात तोच दर भरलेला होता. मासेमारीची नौका जीएसटीच्या 8902 या शीर्षाखाली येते आणि तिला दर 5 टक्के आहे. (विहाराच्या, हौशी बोटींचं गणित उलट: त्यांना आधी 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. तेव्हा बिलावर 'बोट' एवढंच लिहू देऊ नये.) ताज्या मासळीवर जीएसटी नसल्यामुळे संस्थेला भरलेल्या कराचं क्रेडिट कुठे वापरता येत नाही. दिला तो गेला.

विक्रेत्याने यावर बरीच खळखळ केली आणि त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. रेझिन, मॅट हे सगळं तो जास्त दराने कर भरून घेतो. विकताना 5 टक्केच घेतला तर मधला फरक त्याला परताव्यातून मागावा लागतो आणि तोवर त्याचं भांडवल अडकतं. लहान शेडवाल्याला ते जड जातं. शिवाय उद्या कर अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवायला काय, हा प्रश्न होताच.

दोन्हींवर तोड निघाली. संस्थेने नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत पत्र दिलं की ही नौका येलदरी जलाशयात मासेमारीसाठीच वापरली जाणार आहे. आणि अडकणाऱ्या भांडवलाच्या बदल्यात ॲडव्हान्स वाढवून दिला; त्याचा तपशील पुढे येतोच. इंजिन वेगळं न घेता त्याच विक्रेत्याकडून, बसवून, पूर्ण मासेमारी नौका म्हणून एकाच बिलात घ्यायचं, हेही संस्थेच्या सीएच्या सल्ल्याने इथेच ठरलं.

मला या सगळ्या व्यवहारात ही तोड सर्वात आवडली. समोरच्याला कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय त्याला काय द्यायचं तेही कळत नाही, आणि भाव करणारे आपले बरेच लोक समोरच्याचं दुखणं म्हणजे नाटकच असं धरून चालतात.

स्वस्त इंजिन

इंजिनावर फारसं सुटणार नाही हे उघड होतं. कंपनीची किंमत ठरलेली, डीलरचा वाटा मर्यादित. तरी एका दुपारी विक्रेत्याचा निरोप आला: शेडमध्ये एक इंजिन पडून आहे, नवंकोरं, डब्यातलं, 25,000 कमीने देतो.

आबा लगेच तयार. ताईंनी मॉडेलच्या नावापुढचं अक्षर विचारलं. ते 'एल' निघालं.

आउटबोर्ड इंजिनाचा दांडा वेगवेगळ्या लांबीत येतो: साधारण 15 इंची छोटा, 20 इंची लांब, त्याहून लांब 25 इंची. होडीच्या मागच्या फळीची उंची जेवढी, तेवढा दांडा. समुद्रावरच्या उंच होड्यांना लांब दांडा लागतो. संस्थेची होडी ठरली होती 15 इंची फळीची. तिला 20 इंची दांडा लावला तर दांड्याच्या टोकाचा पंखा (प्रोपेलर) पाच इंच उगाच खाली लटकणार. खोल पाण्यात त्याने इंधन वाया जातं. येलदरीत त्याहून वाईट व्हायचं. मे महिन्यात पाणी हटलं की फुगवट्यातली जुनी शेतं उघडी पडायला लागतात, बांधावरच्या बाभळींचे खुंट पाण्याखाली वीत-दीड वीत राहतात, आणि गाळ तर सगळीकडेच. तिथे पाच इंच म्हणजे रोज पंखा आपटणं.

फळी पाच इंच वाढवून देतो, असं विक्रेत्याने सुचवलं. तेही नाकारलं, कारण जाळं आणि क्रेट मागूनच ओढून घ्यायचे असतात. 15 इंचीच इंजिन मागवायचं ठरलं, 2,38,000 ला. सूट पुन्हा सातच हजारांची.

इंजिनाच्या किमतीपेक्षा जास्त वेळ सर्व्हिसिंगवर गेला, आणि माझ्या मते तो तिथेच जायला हवा होता. मराठवाड्यात ट्रॅक्टरचा मिस्त्री दर दहा किलोमीटरवर सापडेल. आउटबोर्डचा मिळत नाही. नव्या फोर स्ट्रोक इंजिनाची पहिली सर्व्हिस 20 तास चालल्यावर करायची असते, आणि ती चुकली की वॉरंटीचं बोलणं अवघड होतं. "आमचा माणूस येऊन जाईल की" हे तोंडी आश्वासन ताईंनी ऑर्डरवर उतरवून घेतलं: पहिली सर्व्हिस येलदरीला येऊन, येण्याजाण्याचा खर्च विक्रेत्याचा. सोबत इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचे दोन जादा इम्पेलर, म्हणजे आतली पात्यांची फिरती चाकं. गाळाचं पाणी ओढून ते झिजतात, आणि पंप बंद पडला की इंजिन तापून बसतं. वॉरंटी मासेमारीच्या वापराला किती महिने, हेही लिहून मागितलं. ती घरगुती वापरापेक्षा कमी निघाली. त्यात काही बदल झाला नाही, पण आधी कळलं.

उरलेल्या ओळी

फिटिंगचे 22,000 कसले, हे विचारल्यावर 12,000 झाले. इंजिन दोन क्लँपनी फळीवर बसतं आणि पेट्रोलची टाकी त्याच्यासोबतच येते. लाइफ जॅकेटच्या 18,000 ला हात लावला नाही. त्यात स्वस्त माल मिळतो आणि तो कसा असतो हे तात्यांना ठाऊक होतं.

'कागदपत्रे 15,000' ही ओळ कुठल्या कार्यालयाच्या कोणत्या शुल्काची आणि पावती कोणाच्या नावाने, एवढं विचारलं. उत्तर आलं नाही. ओळ गेली आणि नोंदणीचं काम संस्थेने स्वतःकडे घेतलं.

वाहतुकीचे 38,000 येऊन-जाऊन गाडीचे होते. जिंतूरहून पुण्याच्या मार्केट यार्डात माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या असतात. त्यातलाच 19 फुटी आयशर 14,000 ला मिळाला.

एक गोष्ट नाकारली तीही सांगायला हवी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे, हे विक्रेत्याला पाठ होतं. "बिल कितीचं करू, तेवढं सांगा," तो अगदी सहज म्हणाला. वाढीव बिलावर वाढीव कर, आणि सहकार कायद्याच्या कलम 81 खाली दरवर्षी लेखापरीक्षण. ताईंनी विषय तिथेच संपवला. आबा दोन दिवस नाराज होते.

पैसे द्यायची पद्धत अशी ठरली. विक्रेत्याला आधी 70 टक्के हवे होते, संस्था 30 वर अडली होती. ठरले 50 टक्के ऑर्डरसोबत, 40 टक्के वजन झाल्यावर माल निघताना, आणि 10 टक्के पहिली सर्व्हिस झाल्यावर. शेवटच्या दहा टक्क्यांना त्याचा सर्वात जास्त विरोध होता. माल एकदा आडगावी गेला की उरलेले पैसे निघत नाहीत, असा त्याचा अनुभव, आणि आपल्याकडच्या कितीतरी संस्थांनी तो खरा ठरवलेला आहे. शेवटी संस्थेने त्या रकमेचा पुढच्या तारखेचा धनादेश जिल्हा बँकेच्या शाखाधिकाऱ्याकडे ठेवला, तेव्हा तो तयार झाला.

अंतिम हिशोब: होडी 1,78,000, इंजिन 2,38,000, फिटिंग 12,000, सुरक्षा साहित्य 18,000. बेरीज 4,46,000, त्यावर 5 टक्के 22,300, म्हणजे 4,68,300. स्वतः केलेली वाहतूक 14,000. एकूण 4,82,300. पहिल्या कोटेशनपेक्षा 1,34,840 कमी. यात कराचा वाटा 71,840, वाहतूक आणि कागदपत्रांचा 39,000, आणि ज्याला आपण घासाघीस म्हणतो तिचा फक्त 24,000. आबांचा मार्चमधला 40,000 चा सौदा तसाच पुढे नेला असता तर 18 टक्के करासह 5,69,940 गेले असते, होडी मिळाली असती तळ्यातली.

वजनाच्या दिवशी

पाऊस सुरू होण्याआधी होडी हवी होती, दोघांनाही. दमट हवेत रेझिन नीट धरत नाही आणि शेडवाले ते काम टाळतात. मे अखेरीला तात्यांसमोर होडी साखळीला टांगली. काट्यावर आकडा आला 268.

इथे ऑर्डरच्या वाक्यातली फट उघडी पडली. विक्रेता म्हणाला, 275 पर्यंत चालेल असं लिहिलंय, म्हणजे तूट सात किलोची, 4,550 रुपये. ताई म्हणाल्या, ठरलं 280. तूट बारा किलोची, 7,800. वाक्य दोन्हीकडून वाचता येत होतं. शेडमध्येच तासभर वाद झाला. तात्यांनी तोवर नाणं घेऊन अख्खा तळ वाजवून पाहिला होता, कुठे बद्द नव्हतं. ते म्हणाले, "शेठ, पैशाचं राहू द्या. एक जादा पंखा टाका." विक्रेत्याने 4,550 वजा केले आणि वर एक पंखा दिला. तात्यांच्या मते खुंटांच्या पाण्यात पंखा 3,250 रुपयांपेक्षा मोलाचा.

पहिल्या सर्व्हिसला माणूस तीन फोन झाल्यावर आला. तेल बदललं, इम्पेलर तपासला, वॉरंटी कार्डावर तास लिहून सही केली. त्याच संध्याकाळी ताईंनी बँकेत फोन करून धनादेश सोडायला सांगितला. खाली सिद्धेश्वर धरणावरच्या एका संस्थेने आता त्याच विक्रेत्याकडून कोटेशन मागवलं आहे. त्यांना आलेल्या कागदावर होडीच्या ओळीत वजन आधीच छापलेलं आहे, आणि भाव किलोला 690 पडतो. ताईंनी त्यांना आपली ऑर्डर दाखवली, मात्र तुटीचं वाक्य नव्याने लिहून.